दहावी होऊ दे, मग बघू

पाच नोव्हेंबर आला की सांगलीत आपण नटराजाला हार घालतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ केलं म्हणून गाव नाट्यपंढरी. देवल हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे, हेही छाती फुगवून सांगतो. आणि घरातली नववीतली पोर तालमीला निघाली की विचारतो, “त्यानं पोट भरणार आहे का?”

चौदा-पंधराव्या वर्षी पोरांना घर पुरत नाही. चार सोबती लागतात, आणि त्यांच्यात आपलं काही काम लागतं. तालमीत ते मिळतं. ज्याला वाक्य जमत नाही तो पडदा ओढतो, विंगेत वही धरून दुसऱ्याचे संवाद पुटपुटतो. तो एक दिवस आला नाही तर तालीम अडते. शेवटच्या बाकावरच्या पोराला आपल्यावाचून कुणाचं अडतं, हे तिथेच पहिल्यांदा कळतं.

ते आपण “दहावी होऊ दे, मग बघू” म्हणत मोडून टाकलं. मग पोरं गेली कुठे? साताऱ्याच्या, कराडच्या, इस्लामपूरच्या चौकात मान वर करून बघा. फ्लेक्सवर मिसरूड न फुटलेला वाढदिवसवाला, डोळ्यांवर गॉगल, वर कुणा दादाचा भलामोठा फोटो, खाली शुभेच्छुकांच्या मुंड्या. (पैसे कुणाचे, ते विचारायचं नसतं.) डॉल्बीपुढे नाचताना दहावी आडवी येत नाही.

शुभेच्छुकांची आडनावं वाचा; जात विचारावी लागत नाही. याच मुलखात, साताऱ्यात, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात, एका पंगतीला बसवली. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठेंना शाळेत दीड दिवसापलीकडे टिकू दिलं नाही. तमाशाच्या फडाने मात्र ठेवून घेतलं. त्यांची जयंतीसुद्धा आपण एका वस्तीपुरती करून ठेवली.

मुलींचं तर विचारूच नका. देवलांनी १८९९ साली ‘शारदा’त पोरीच्या लग्नाचा बाजार रंगमंचावर मांडला, तेव्हा शारदेचं लुगडं पुरुषच नेसत. आज मुलीला नाटकात कायद्याने कुणी अडवत नाही. पण तालीम सातनंतर म्हटली की बाप तिचं नाव काढून घेतो. सर नाइलाजाने आईची भूमिका आवाज फुटलेल्या एखाद्या पोराला देतात, आणि स्नेहसंमेलनात तो पदर सावरत आला की सगळ्यांत मोठ्याने तोच बाप हसतो.