न्यूट्रोफिल ५५ टक्के, म्हणजे सगळं ठीक? रिपोर्टमधला हा आकडा फसवू शकतो

समजा, तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सीबीसीचा रिपोर्ट आला. न्यूट्रोफिल ५५ टक्के. शेजारी छापलेली नॉर्मल रेंज ४० ते ८०. आकडा ठळक नाही, लाल नाही. आपण निश्चिंत होऊन पीडीएफ बंद करतो.

पण त्याच पानावर थोडं वर एकूण पांढऱ्या पेशी ९०० लिहिल्या असतील तर? ९०० चे ५५ टक्के म्हणजे ४९५. निरोगी प्रौढ माणसाच्या एक मायक्रोलिटर रक्तात साधारण १५०० हून जास्त न्यूट्रोफिल असतात. ५०० च्या खाली गेले की डॉक्टर त्याला गंभीर न्यूट्रोपेनिया म्हणतात. थोडक्यात, टक्केवारी धडधाकट आणि माणूस धोक्यात.

कशाचे टक्के, हे पाहिल्याशिवाय टक्केवारीला अर्थ नाही. हे शाळेतलं गणित आहे, त्यासाठी माझ्यासारखी इंजिनीअरिंगची चार वर्षं घालवायची गरज नाही. तरीही रिपोर्टमध्ये नजर पहिल्यांदा जाते ती टक्क्यांवर. प्रत्यक्ष संख्या, म्हणजे अ‍ॅब्सोल्यूट न्यूट्रोफिल काउंट, अनेक लॅब छापतात, पण खाली कुठेतरी. माझं म्हणणं सरळ आहे: हा क्रम उलटा हवा.

या पेशी करतात तरी काय?

न्यूट्रोफिल हा पांढऱ्या पेशींमधला सर्वात मोठा गट. आपली अस्थिमज्जा रोज १० हजार कोटींच्या आसपास न्यूट्रोफिल तयार करते. एवढं उत्पादन लागतं, कारण त्या टिकत नाहीत. रक्तात आल्यावर त्यांचं आयुष्य तासांत, फार तर काही दिवसांत मोजायचं.

जंतू शिरले की तिथे सर्वात आधी पोहोचणाऱ्यांत याच पेशी. त्या जंतूंना गिळतात, आतल्या रसायनांनी मारतात. २००४ मध्ये शास्त्रज्ञांना आणखी एक प्रकार दिसला. या पेशी स्वतःचा डीएनए बाहेर फेकतात आणि त्या जाळ्यात जंतू अडकवतात. या लढाईत त्या स्वतःही मरतात. गळवातून येणारा पू म्हणजे बहुतांश याच मेलेल्या पेशी. पुवाची हिरवट झाकही त्यांच्यातल्याच एका एन्झाइमची.

आपल्याला भीती वाटते ती न्यूट्रोफिल वाढल्याची. रिपोर्टवर ‘एच’ दिसला की अँटिबायोटिकची मागणी सुरू. खरं तर स्टेरॉइड, गरोदरपण, धूम्रपान, अगदी जोरदार व्यायाम यांनीही हा आकडा वर जातो. घाबरायचं ते तो तळाला गेल्यावर.

ताप हीच एकमेव खूण

केमोथेरपी वेगाने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते. कॅन्सरच्या पेशी तशा, पण अस्थिमज्जेतल्याही तशाच. त्यामुळे बऱ्याच औषधांत, डोस दिल्यानंतर साधारण ७ ते १४ दिवसांत न्यूट्रोफिल तळ गाठतात आणि मग हळूहळू वर येतात. नेमके हे दिवस रुग्ण घरी असतो.

मेख इथेच आहे. जखम लाल होणं, सुजणं, पू धरणं, छातीच्या एक्स-रेत न्यूमोनियाचा डाग दिसणं, यातलं बरंचसं न्यूट्रोफिलच घडवतात. त्याच नसतील तर जंतू रक्तात पसरले तरी बाहेर दाखवायला फारसं काही उरत नाही. ताप तेवढा येतो, कधी कधी तोही नाही. आणि आपल्या घरात तापावर पहिला उपाय काय? पॅरासिटामॉल. ताप उतरतो, ‘सकाळी बघू’ ठरतं. म्हणजे होती ती एकच खूण आपण स्वतः पुसून टाकतो.

अशा रुग्णाला एकदाच १०१ फॅरेनहाइट ताप आला किंवा तासभर १००.४ टिकला, तरी ती आणीबाणी समजायची असते. रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिकचा पहिला डोस जावा, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. ‘ताप आला म्हणून लगेच अँटिबायोटिक नको’ असं एरवी आम्हीच लिहितो, आणि ते बरोबरच आहे. पण हा अपवाद प्रत्येक घराला माहीत हवा.

हे फक्त कॅन्सरपुरतंही नाही. थायरॉइड जास्त सक्रिय असताना दिलं जाणारं कार्बिमाझोल, मानसिक आजारातलं क्लोझापिन, या औषधांनी क्वचित न्यूट्रोफिल एकदम घसरतात. ही औषधं घेताना घसा दुखून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवून सीबीसी करायची असते.

डे-केअरनंतरची रात्र

केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात, तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर सेंटर उभारण्याची घोषणा झाली. त्यातली २०० केंद्रं पहिल्याच वर्षात करायचं ठरलं. हे चांगलंच आहे. केमोसाठी प्रत्येक वेळी परळच्या टाटा रुग्णालयाची वारी करणं आणि मुंबईत राहायची जागा शोधणं किती अवघड, हे राज्यातल्या असंख्य कुटुंबांना विचारा. पण डे-केअर म्हणजे सकाळी सलाइन आणि संध्याकाळी घरी. ताप येणार तो दहाव्या दिवशी, रात्री, गावात. तेव्हा दार ठोठवायचं ते जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचं.

त्यामुळे केमोच्या खुर्च्या किती, एवढंच मोजून भागणार नाही. रुग्णाच्या हातात मराठीत छापलेलं एक कार्ड हवं: शेवटची केमो कधी झाली, किती तापाला निघायचं, कुठे जायचं, फोन कोणाला करायचा. रात्रपाळीच्या डॉक्टरने ते कार्ड पाहताच रक्ताचा नमुना घ्यावा आणि रिपोर्टची वाट न पाहता इंजेक्शन सुरू करावं. ते इंजेक्शन तिथल्या कपाटात असायला हवं, हे वेगळं सांगायला नको.

आणि लॅबवाल्यांनो, प्रत्यक्ष संख्या टक्क्यांच्या वर आणि ठळक छापा. मान्यताप्राप्त लॅबना धोकादायक आकडे तातडीने डॉक्टरांना कळवावे लागतातच. घरून नमुना नेलेल्या रुग्णालाही, संख्या ५०० च्या खाली दिसताच, फोन गेला पाहिजे. नुसती पीडीएफ पाठवून चालणार नाही. ती रात्री अकराला आली, तर सकाळपर्यंत कुणी उघडतही नाही.