पाच दिवसांचं युद्ध

पाच दिवसांचा म्हटलं की आपल्याला गणपती आठवतो. जॉर्जियात मात्र ऑगस्ट २००८ मधलं रशियाशी झालेलं युद्ध. परवाच तिथून परतलो. राजधानी तिबिलिसीत युद्ध शोधावं लागतं, रुस्तावेली रस्त्यावरचे कॅफे भरलेले. गोरीच्या ज्या चौकात बॉम्ब पडले, तिथला भूमिपुत्र स्टालिनचा पुतळा मात्र तेव्हा धडधाकट राहिला; तो काढला २०१० मध्ये! (तो त्याही आधी काढायला हवा होता, हे माझं मत, गावातल्या म्हाताऱ्यांना सांगायची छाती झाली नाही.) तिबिलिसीकडे परतताना महामार्गालगत त्सेरोवानी. युद्धात आखालगोरी भागातून परागंदा झालेल्यांसाठी घाईघाईने उभारलेली सुमारे २००० एकसारखी घरं. आपलं कुठलं, हे रात्री कसं ओळखत असतील कोण जाणे. ‘छोटं युद्ध’ हा शब्द ज्याचं घर जागेवर राहिलं त्यानेच काढलेला असणार. तिथल्या एका बाईंकडे दोरीला टांगलेल्या मेणबत्त्या दिसल्या म्हणून भाव विचारला, तर ती निघाली चुर्चखेला नावाची मिठाई: दोऱ्यात ओवलेले अक्रोड, द्राक्षरसाच्या दाट चिकात बुडवून वाळवलेले. दोन घेतल्या. पैसे मोजताना बाई ड्रायव्हरशी काहीतरी बोलल्या. त्याने सांगितलं, त्या म्हणतायत, पूर्वी अक्रोड घरच्या झाडाचे असायचे, आता विकत आणावे लागतात.