उधारीच्या कॉलममध्ये 'दिवाळीनंतर' लिहू नका

एक्सेलची शीट ऍक्सेसमध्ये कशी घ्यायची ते व्हिडिओत दाखवलंय. इथे थोडं भांडायचंय. एरर आली की आपण सॉफ्टवेअरला शिव्या देतो. माझं मत उलट आहे. चूक बहुतेक वेळा आपल्या शीटमध्येच असते.

माझंच सांगतो. दुकानाची उधारीची शीट पहिल्यांदा ऍक्सेसमध्ये घेतली, तेव्हा रकमेच्या कॉलममध्ये कुठे १२५० होतं, कुठे '३०० बाकी', तर कुठे नुसतंच 'दिवाळीनंतर'. ऍक्सेस वरच्या काही ओळी बघून कॉलमचा प्रकार ठरवतं. त्याने नंबर ठरवला आणि जिथे शब्द होते ते रकाने रिकामे सोडले. गिऱ्हाईकाचं नाव आलं, रक्कम गायब! मेसेज आला होता, पण मी न वाचताच बंद केला. शेवटी जुनी वही काढून एकेकाची रक्कम पुन्हा भरत बसलो. वही रद्दीत गेली असती तर?

तो मेसेज वाचायचाच. अशा वेळी ऍक्सेस 'इम्पोर्ट एरर्स'चं वेगळं टेबल बनवतं. कोणत्या फील्डमध्ये, कितव्या ओळीत 'टाइप कन्व्हर्जन फेल्युअर' झालं, सगळं त्यात असतं.

काही जण सांगतात, सगळे कॉलम टेक्स्ट करून टाका, एररची कटकटच नको. मला हे अजिबात पटत नाही. टेक्स्ट केलेल्या रकमांचा क्रम लावलात तर १००० हे २०० च्या आधी येतं. बेरजेचं तर विचारूच नका.

मी एवढंच बघतो: या कॉलमची बेरीज करायची आहे का? असेल तर नंबर, रुपये असतील तर करन्सी. मोबाइल, बारकोड, एचएसएन यांची बेरीज कोण करतं? ते टेक्स्ट. चहाचा एचएसएन ०९०२. नंबर म्हणून भरला की ९०२ उरतो. नंतर फॉरमॅट बदलून ते शून्य परत येत नाही, म्हणून भरण्याआधीच कॉलम टेक्स्ट करा. बारकोडचं त्याहून वाईट. १३ अंकी बारकोड साध्या कॉलममध्ये ८.९०१२३ई+१२ असा दिसतो आणि सीएसव्हीत सेव्ह केलं की जसा दिसतो तसाच जातो. मागचे अंक गेले. एकाच कंपनीचे साबण, शाम्पू, पेस्ट, सगळ्यांचा बारकोड एक!

तारखेचं थोडक्यात: कॉम्प्युटर अमेरिकन सेटिंगवर असेल तर ५ एप्रिलसाठी लिहिलेलं ०५/०४ हे ४ मे होतं आणि १५/०४ नुसतं टेक्स्ट राहतं. विंडोजमध्ये रीजन भारत करा, मगच तारखा भरा.

आता मी आधी ऍक्सेसमध्ये रिकामं टेबल बनवतो, प्रत्येक फील्डचा प्रकार स्वतः ठरवतो, शीटमधली हेडिंगं तशीच ठेवतो आणि मग अपेंड करतो. एक्सेलमधली उधारीची बेरीज आणि ओळींची संख्या आधी कागदावर लिहितो, नंतर ऍक्सेसमधल्या आकड्यांशी ताडतो. एक रुपयाही कमी आला तर परत पहिल्यापासून. आणि रकमेच्या शेजारी 'शेरा' नावाचा टेक्स्ट कॉलम ठेवलाय. 'दिवाळीनंतर' आता तिथे जातं.