सायकलचा पहिला मीटर

पेणहून रोह्याला सायकलने निघालेल्या मुलाला घरातून हमखास एक प्रश्न विचारला जातो : परत केव्हा येशील? वडखळ, नागोठणे करत जाणारा हा रस्ता सुमारे 40 किलोमीटरचा. म्हणजे जाऊन-येऊन 80. त्या प्रश्नाचे उत्तर अंदाजाऐवजी हिशेबाने देता यावे, यासाठी हँडलवर बसणारा छोटा सायकल कॉम्प्युटर उपयोगी पडतो. मात्र तो नीट निवडला आणि नीट लावला, तरच त्याचे आकडे विश्वासाचे ठरतात.

या यंत्राचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात चाकाच्या स्पोकवर लहान चुंबक असते आणि त्यासमोर फोर्कवर सेन्सर. चुंबक समोरून गेले की एक फेरा मोजला जातो. दुसरा प्रकार उपग्रहांच्या आधारे जागा ओळखतो. तो गेलेला मार्गही नोंदवतो, पण महाग असतो आणि वारंवार चार्ज करावा लागतो. पहिल्या खरेदीसाठी चुंबकाचा साधा, वायरचा मीटर पुरेसा आहे. आकडे मोठे आणि उन्हातही दिसणारे असावेत. कोकणच्या पावसात तो टिकेल ना, हेही विचारून घ्यावे. गरजेपेक्षा अधिक सोयींचे पैसे मोजण्याचे कारण नाही.

खरे महत्त्व चाकाच्या परिघाला आहे. मीटर केवळ फेरे मोजतो. एका फेऱ्यात सायकल किती पुढे सरकते, हे त्याला आपणच सांगावे लागते. पुस्तिकेतील तक्त्यात 700 बाय 28 मापाच्या टायरसाठी सामान्यतः 2136 मिलिमीटर दिलेले असतात. तिथे चुकून 2000 भरले, तर 40 किलोमीटर गेल्यावरही पडद्यावर साडेसदतीसच दिसतील. याहून चांगला उपाय म्हणजे स्वतः मोजणे. टायरमध्ये नेहमीची हवा भरावी. वॉल्व्ह अगदी खाली आणून जमिनीवर खडूची खूण करावी. स्वाराने सायकलवर बसावे, दुसऱ्याने सायकल धरून सरळ पुढे न्यावी आणि वॉल्व्ह पुन्हा खाली आला की दुसरी खूण करावी. दोन खुणांमधील अंतर मिलिमीटरमध्ये मोजून भरावे.

कोकण रेल्वेचे अंतर रोह्यापासून मोजले जाते. तसा प्रत्येक फेरीचा आकडा घराच्या दारातच शून्यावर आणावा. दिवसाचे अंतर आणि एकूण अंतर हे दोन वेगळे आकडे असतात. साखळीला तेल देण्याची वेळ एकूण अंतरावरून ठरवता येते.

सरासरी वेग वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चाक थांबले की बहुतेक मीटर वेळ मोजणेही थांबवतात. चहापाण्याचा वेळ त्या सरासरीत येत नाही. ताशी 16 किलोमीटर सरासरी असेल, तर 80 किलोमीटरला चाकावरचे पाच तास लागतात. विश्रांतीचा एक तास धरला, तर सकाळी सहाला निघालेला स्वार दुपारी बाराला घरी पोहोचतो. एप्रिलच्या उन्हात नवख्याने हा बेत करू नये, हे घरी बसूनच कळते. नागोठण्यापर्यंतच ठरल्यापेक्षा जास्त वेळ गेला असेल, तर तिथूनच मागे फिरण्यात कमीपणा नाही.

वडखळच्या रहदारीत नजर रस्त्यावरच हवी. आकडा पाहायचा असेल तर कडेला थांबून पाहावा. वेग वाढवण्याच्या ईर्ष्येने तर मुळीच पाहू नये.

परिघाचा आकडा वहीत लिहून ठेवावा. बॅटरी बदलल्यावर अनेक मीटरमधून तो पुसला जातो, आणि वेगळ्या मापाचा टायर बसवला की तो पुन्हा मोजावा लागतो. एकूण किलोमीटरही त्याच वहीत महिन्याला एकदा टिपावेत.