आईच्या बोटांना जमेल असा

"ताई, आईंचा सीडी प्लेअर गेला हो," वाईहून वहिनीचा फोन आला. "सीडी नुसती गरगर फिरते, आवाज नाही. मेकॅनिक म्हणतो, लेन्स गेली, पार्ट मिळत नाही. तुमचे भाऊ म्हणतात, आता सीडी कोण ऐकतं? मोबाइलवर लावून देत जाऊ."

'लावून देत जाऊ' हे शब्द माझ्या मनात अडकले. आई ऐंशीच्या पुढची. दोन्ही डोळ्यांना समोरचं नीट दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. मोबाइलच्या गुळगुळीत काचेवर बोट कुठे पडलं, तिला कळत नाही. म्हणजे दुपारी एक गाणं ऐकायचं तरी नातू शाळेतून येईपर्यंत थांबायचं! आयुष्यभर सगळ्यांच्या वेळा सांभाळलेल्या बाईने स्वतःच्या करमणुकीसाठीही दुसऱ्याची वाट बघायची?

शिवाय मोबाइलवर सगळं मिळतं, हेही खरं नाही. 'गीतरामायण' मिळेल. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ते दर आठवड्याला एक गाणं असं सुरू झालं, तेव्हा आई शेजाऱ्यांच्या रेडिओपुढे बसून ऐकायची. पण माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या कुठून मिळणार? बाबांनी त्या कॅसेटवर टेप केल्या होत्या, नंतर सीडीवर भरून घेतल्या. कॅसेट कधीच फुकट गेली. राहिली ती एक सीडी, तिच्यावर बाबांचं अक्षर.

म्हटलं, वहिनी, या तुम्ही पुण्याला. त्यांच्या भिशीचे तीन हजार, माझे दोन, असं आमचं पाच हजारांचं बजेट ठरलं. त्यांना मी बजावलं, "येताना तीन सीडी आणा. एक विकतची, एक घरी भरलेली आणि एक एमपी थ्रीची."

स्वारगेटला उतरून आम्ही थेट बुधवार पेठेतली तापकीर गल्ली गाठली. पहिल्याच दुकानात स्वस्तातला डीव्हीडी प्लेअर पुढे आला. तो सीडी वाजवतो, खरं आहे. पण त्याला स्वतःचा स्पीकर नाही. एमपी थ्रीतलं हवं ते गाणं शोधायला टीव्हीचा पडदा लागतो. रिमोटवर मुगाच्या दाण्याएवढी बटणं. आईच्या उपयोगाचं नाही.

दुसरीकडे जुनी म्युझिक सिस्टीम होती. "मॅडम, दोन हजार वॅट!" दुकानदार म्हणाला. मैत्रिणींनो, या आकड्याला भुलू नका. तो पीएमपीओचा आकडा असतो, जाहिरातीत फुगवलेला. विचारायचं ते 'आरएमएस किती?' खोलीपुरत्या आवाजाला पाच-दहा वॅटही पुष्कळ झाले. विकतच्या सीडीतलं शेवटचं गाणं लावून बघू म्हटलं, तर तो म्हणाला, "चालतंय ना पहिलं? मग झालं." आम्ही तिथून निघालो. सीडी आतून बाहेरच्या कडेकडे वाचली जाते. लेन्स सरकवणारा भाग थकला असेल, तर बऱ्याचदा पहिलं गाणं ठीक वाजतं आणि शेवटचं अडखळतं. जुना माल घेताना ही परीक्षा घ्यायलाच हवी. घरी भरलेली सीडीही लावून बघावी, कारण ती वाचताना थकलेल्या लेन्सची जास्त दमछाक होते.

तिसऱ्या दुकानात हँडलवाला, वरून झाकण उघडणारा प्लेअर मिळाला. सीडी, रेडिओ आणि पेन ड्राइव्ह, तिन्ही चालणारा. वॅट कमी, दिसायला साधा. वहिनींनी दुकानातच डोळे मिटले आणि बोटांनी चाचपून सीडी मधल्या खुंटीवर बसवली, झाकण लावलं, मोठं बटण दाबलं. आजीचा आवाज आला. दुकानदारसुद्धा क्षणभर गप्प झाला. बिल झालं चार हजार आठशे.

भाऊ म्हणाला, "एवढ्यात चांगला ब्लूटूथ स्पीकर आला असता की!" आला असता. पण तो त्याच्या सोयीचा, आईच्या नव्हे. आपल्या घरात यंत्रं कोण निवडतं आणि वापरतं कोण, याचा विचारच होत नाही. मिक्सरपासून गिझरपर्यंत वॅट आणि ऑफर बघणारा एक, आणि रोज त्या बटणाशी झगडणारी दुसरी. माझं मत विचाराल, तर जिच्यासाठी वस्तू घ्यायची तिला एकटीने ती चालवता येत नसेल, तर ती फुकटात मिळाली तरी महागच.

जाता जाता एक सांगते. घरी भरलेल्या सीडीत आवाज एका नाजूक रंगाच्या थरात साठवलेला असतो. ऊन आणि उष्णतेने तो थर खराब होतो. सीडी पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. आणि नाव लिहिलेली बाजूही जपा, कारण खरा थर त्या बाजूलाच असतो. घरात कुणाचा आवाज असा जपलेला असेल, तर आजच पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, दोन ठिकाणी ठेवा. आमच्या ओव्या भाच्याने त्याच रविवारी उतरवल्या.

परवा दुपारी आईला फोन केला. "नंतर कर गं," ती म्हणाली, "मी ऐकतेय." आणि चक्क फोन ठेवून दिला!