तेविसावा क्रमांक

२८ जुलै २०२४ हा रविवारचा दिवस होता. वसतिगृहातील टीव्हीसमोर आम्ही सातआठ जणी जेवण आटोपून बसलो होतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये मुलींच्या २०० मीटर फ्रीस्टाइल शर्यतीची प्राथमिक फेरी होती आणि तीत बंगळूरची धिनिधी देसिंघू उतरणार होती. वय वर्षे १४. भारताच्या त्या पथकातील सर्वांत लहान खेळाडू. ती आपल्या गटात पहिली आली, तेव्हा आम्ही टाळ्या वाजविल्या. मग सर्व गटांचा निकाल लागला. वेळ २ मिनिटे ६.९६ सेकंद, क्रमांक तेविसावा. पहिल्या सोळा जणीच उपान्त्य फेरीत जाणार होत्या. कोणीतरी म्हणाले, "एवढ्या लांब जाऊन तेविसावी!" सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या हसण्याबद्दलच मला आज लिहायचे आहे.

हसणाऱ्यांची बाजू आधी मांडते. अंतिम शर्यत ऑस्ट्रेलियाच्या मॉली ओकॅलहनने १ मिनिट ५३.२७ सेकंदांत जिंकली. म्हणजे आपल्या मुलीपेक्षा जवळजवळ चौदा सेकंद आधी. दोनशे मीटरमध्ये चौदा सेकंद ही मोठी दरी आहे. शिवाय धिनिधी पात्रतेची वेळ गाठून गेली नव्हती. ज्या देशाचा एकही जलतरणपटू ती वेळ गाठत नाही, त्यालाही एक मुलगा व एक मुलगी पाठविता यावी, म्हणून 'युनिव्हर्सॅलिटी' कोटा असतो. त्यातून ती गेली. "ही तर मेहेरबानीची जागा!" असे एका मैत्रिणीने म्हटलेच.

मेहेरबानी खरी, पण लाज कोणाची? चिमुकल्या देशांसाठी ठेवलेल्या दारातून एकशेचाळीस कोटींच्या देशाला आत जावे लागते, यात त्या शाळकरी मुलीचा काय दोष? २०२४ पर्यंत एकाही भारतीय मुलीने थेट पात्रतेची वेळ गाठली नव्हती. तेविसावा क्रमांक तिचा नाही, आपल्या सर्वांचा आहे.

माझ्या कन्नड मैत्रिणी या विषयावर अभिमानाने बोलतात आणि तो अभिमान रास्त आहे. २००० साली सिडनीत २०० मीटर फ्रीस्टाइल पोहलेली निशा मिलेट बंगळूरची, २००४ साली अथेन्सला गेलेली शिखा टंडन बंगळूरची आणि आता धिनिधीही तिथलीच. "तुमच्या मराठीत कोण आहे गं?" असे एकीने विचारले, तेव्हा मी निरुत्तर झाले. पुढे वाचताना मला एक नाव सापडले.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकबद्दल मराठी माणसाला विचारा. तो लगेच खाशाबा जाधवांचे नाव घेईल. गोळेश्वरचा पैलवान, कांस्यपदक, आणि त्यांच्यासाठी स्वतःचे घर गहाण ठेवणारे प्राचार्य खर्डेकर. ही कथा आपल्याला पाठ आहे आणि ती असावीच. पण त्याच हेलसिंकीत मुंबईची डॉली नझीर १०० मीटर फ्रीस्टाइल पोहली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? स्वतंत्र भारताने त्या वर्षी चार मुली पाठविल्या होत्या. दोघी धावणाऱ्या, दोघी पोहणाऱ्या. डॉलीबरोबर होती कलकत्त्याची अकरा वर्षांची आरती साहा, जिने पुढे १९५९ साली इंग्लिश खाडी पार केली. डॉलीची शर्यत हंगेरीच्या कातालिन सोकेने १ मिनिट ६.८ सेकंदांत जिंकली. डॉली पहिल्याच फेरीत बाद झाली आणि आपण तिला विसरून गेलो. पदक नाही, म्हणून आठवण नाही.

त्या वर्षी माझ्या सिल्वासा गावावर पोर्तुगिजांचा अंमल होता. आमचे गाव मुक्त झाले २ ऑगस्ट १९५४ रोजी. आमच्याकडे तो दिवस मोठ्या अभिमानाने आठवतात. पण मुक्ती सगळ्यांना एकाच दिवशी मिळते असे नाही, हे मला दमणगंगेच्या काठावर कळले.

नाशिकच्या डोंगरांत उगम पावून ही नदी आमच्या गावाजवळून दमणला समुद्राला मिळते. तिच्यातच मी सहाव्या वर्षी पोहायला शिकले. काकांनी पाठीला वाळका भोपळा बांधला आणि उथळ पाण्यात सोडून दिले. आठ दिवसांत भोपळा सुटला. दहाव्या वर्षी मी चुलतभावाच्या पुढे जात असे. बाराव्या वर्षी आजी म्हणाली, "आता पुरे. मोठी झालीस." एवढेच. कोणी रागावले नाही, कोणी मारले नाही. भाऊ पोहत राहिला, मी काठावर त्याचे कपडे सांभाळत बसले.

गेल्या उन्हाळ्यात घरी गेले, तेव्हा धाकटी चुलत बहीण म्हणाली, "ताई, मला शिकव ना." मी मोठ्या तोऱ्यात पाण्यात उतरले. पाणी छातीला लागले आणि माझा श्वास अडकला. पाय उचलवेना. मला भीती वाटत होती. जी मुलगी मासोळीसारखी पोहत असे, ती सात वर्षांत पाण्याला परकी झाली होती. बहीण काठावरून बघत होती. "आज पाणी गार आहे," असे खोटेच सांगून मी बाहेर आले.

धिनिधीची गोष्ट नेमकी उलटी आहे. लहानपणी तिला पाणी मुळीच आवडत नसे, असे तिनेच मुलाखतीत सांगितले आहे. तिला सवय व्हावी म्हणून तिचे आईवडील स्वतः तलावात उतरले. पाण्याला भिणाऱ्या मुलीसाठी घर पाण्यात उतरले, आणि ती पॅरिसला पोचली. पाण्यावर प्रेम करणाऱ्या किती मुलींना आपण हाताला धरून बाहेर काढले, याची नोंद कोठे आहे?

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. १९१२ साली स्टॉकहोमला मुलींची १०० मीटर फ्रीस्टाइल शर्यत प्रथमच झाली. ती जिंकणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या फॅनी ड्युरॅकला आधी तिच्याच प्रांतातील महिला संघटनेचा विरोध होता, कारण पुरुषांसमोर पोहणे अशोभनीय! लोकांनी आवाज उठविला, तेव्हा तो नियम मागे पडला. पुरुषांची १५०० मीटर शर्यत १९०८ पासून आहे. मुलींना ती मिळाली २०२१ साली, टोकियोत. म्हणजे नियम बदलतात, पण कोणीतरी बदलायला लावावे लागतात.

काही प्राध्यापक म्हणतील, ऑलिंपिक ही दूरची गोष्ट आहे. मान्य. मी पदकाची मागणी करीतच नाही. पोहणे ही आधी जीव वाचविण्याची विद्या आहे आणि नदीवर कपडे धुवायला, पाणी भरायला बायकाच जातात. निदान तेवढ्यासाठी तरी ती त्यांना यायला नको का? 'पाण्यात पडले की पोहता येते' असे आपण सहज म्हणतो. पण आधी कोणी पाण्यात उतरू द्यावे लागते.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. आपल्या कॉलेजच्या क्रीडास्पर्धांत मुलींसाठी पोहण्याचा प्रकार नाही, तो असावा. शहरातील तलावावर आठवड्यातून दोन तास केवळ मुलींसाठी मागून घ्यावेत. शिकविणारी बाई असावी. पहिल्या वर्षी चौघीच येतील, येऊ द्यात. हेलसिंकीलाही चौघीच गेल्या होत्या.

मी नाव द्यायला तयार आहे. मला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागेल, भोपळा बांधूनसुद्धा. पुढच्या सुटीत बहिणीला मला खोटे सांगायचे नाही. आणि तेविसाव्या क्रमांकाला पुन्हा कोणी हसले, तर मी एवढेच विचारीन : तुम्ही शेवटचे पाण्यात कधी उतरला होतात?