जिल्ह्याचं नाव आणि आपलं नाव

परवा आमच्या बचत गटातल्या बायका बँकेचे फॉर्म भरत बसल्या होत्या. गाव आंबिवली, तालुका कल्याण, जिल्हा ठाणे. मदतीला आलेल्या एकीच्या आठवीतल्या मुलीनं विचारलं, "मावशी, ठाणे म्हणजे पोलीस ठाण्यातलं ठाणं का हो?" सगळ्या हसल्या, पण उत्तर कुणालाच देता येईना.

खरं तर पोरगी चुकली नव्हती. ठाणं हा शब्द 'स्थान'वरून आला आणि आपलं ठाणेही तिथूनच. शिलाहार राजांच्या काळात ते श्रीस्थानक होतं, त्यांची राजधानी होती. मग मला नादच लागला. वर्धा जिल्हा नदीच्या नावाचा. पूर्वीचा कुलाबा जिल्हा १९८१ मध्ये रायगड झाला. त्याच वर्षी रत्नागिरीतून निघालेल्या नव्या जिल्ह्याला मालवणच्या जलदुर्गाचं, सिंधुदुर्गाचं नाव मिळालं. किल्ले, नद्या, राजे सगळे सापडले. या छत्तीस जिल्ह्यांत बाई कुठे आहे?

आहे की! मुंबई मुंबादेवीची. नाशिकची एक कथा सांगतात, लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून ते नाशिक. म्हणजे नकाशावर एक देवी आणि एक नाक कापलेली राक्षसीण! हाडामांसाची, राज्य चालवलेली बाई यायला २०२४ साल उजाडलं. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. अहिल्यादेवी होळकरांचा जन्म याच जिल्ह्यातल्या चौंडीचा, १७२५ सालचा. नाव बदलण्याबद्दल मतं वेगवेगळी असतील, पण बाईच्या कर्तबगारीवरून नाव मिळालेला राज्यातला हा एकमेव जिल्हा, हे कुणीही मान्य करील.

शेजारणीची लेक अमेरिकेत जॉर्जिया राज्यात असते. तिला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "काकू, इकडेही तेच!" तिकडे जिल्ह्यासारख्या भागाला काउंटी म्हणतात. जॉर्जियात अशा १५९ काउंट्या आहेत आणि बाईच्या नावाची फक्त एक, हार्ट काउंटी. नॅन्सी हार्ट ही अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली एक साधी शेतकरीण. इंग्रजांच्या बाजूचे शिपाई घरात घुसून जेवण मागू लागले, तेव्हा तिनं त्यांना वाढता वाढता त्यांच्याच बंदुका पळवल्या, असं सांगतात. स्वयंपाकघरातून लढलेली ही बाई मला फार आपली वाटली.

मैत्रिणींनो, नकाशावरून आता जरा आपल्या फॉर्मवर येऊ. त्या दिवशी आमच्यातली एक जण 'संपूर्ण नाव' या रकान्यापाशीच अडली होती. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, आणि हाक मारायचं नाव तिसरंच. या गोंधळापायी मागच्या वेळी तिचं कर्ज दोन महिने रखडलं होतं.

जिल्ह्याचं नाव बदलायचं तर मंत्रिमंडळाचा ठराव लागतो, केंद्राची मंजुरी लागते, राजपत्र निघतं. बाजूनं आणि विरोधात लोक बोलतात. कित्येक घरांत आमचं नाव मात्र लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहून बदललं जातं. तुला चालेल का, एवढंही कुणी विचारत नाही. फोटो निघतो, टाळ्या वाजतात आणि वीस वर्षांचं नाव पुसलं जातं. कागदपत्रं मात्र जुन्या नावानंच राहतात आणि त्यांच्यासाठी पुढे खेटे घालतो आपणच.

अहिल्यानगरचा निर्णय २०२४ च्या मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळानं घेतला. त्याच महिन्यात आणखी एक ठरलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव येईल, मग वडिलांचं आणि आडनाव. पहिल्या निर्णयावर गल्लोगल्ली चर्चा झाली. दुसऱ्याची माहिती आमच्या गटात दोघींनाच होती! मला विचाराल तर आपल्या घरासाठी दुसराच मोठा.

जिल्ह्याला बाईचं नाव मिळालं, आनंदच आहे. पण घराच्या कागदावर आणि दारावरच्या पाटीवर तिचं नाव नसेल, तर तो मान नकाशापुरताच राहायचा. लेकीच्या लग्नात तांदळाचं ताट पुढे आलं, की आधी तिलाच विचारा, "बाळा, तुला कोणतं नाव हवंय?"